चिमणीसाठी विकत मिळणारी घरटी: तीन नमुन्यांचे परीक्षण

मार्च महिना लागला की रोपवाटिका, ग्राहक पेठा आणि प्रदर्शने यांत चिमण्यांसाठीची तयार घरटी मांडलेली दिसू लागतात. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो, आणि त्या निमित्ताने शाळांत बक्षीस म्हणून, कार्यक्रमांत पुष्पगुच्छाऐवजी भेट म्हणून किंवा गृहनिर्माण संस्थांत वर्गणी काढून ही घरटी घेतली जातात. या वस्तूची गंमत अशी की तिचे गिऱ्हाईक दोन असतात: पैसे देणारा माणूस आणि आत राहणारा पक्षी. बाजारातील बहुतेक नमुने पहिल्या गिऱ्हाइकाच्या नजरेत भरावेत म्हणून बनवलेले असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून साताऱ्यातील आमच्या घराच्या परसदारी लावलेल्या तीन नमुन्यांची पारख मी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बाजूने केली आहे. विक्रेत्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण हे तिन्ही नमुने थोड्याफार फरकाने राज्यभर मिळतात आणि गुणदोष विक्रेत्याचे नसून घडणीचे आहेत.

तीन नमुने असे. पहिला साध्या प्लायवूडची उभी, न रंगवलेली पेटी. किंमत साडेतीनशे रुपयांच्या आसपास. दुसरा कौलारू घराच्या आकाराची, लाल छप्पर आणि पिवळ्या भिंती रंगवलेली एमडीएफची पेटी. किंमत जवळजवळ दुप्पट. तिसरा काथ्याचा पोकळ गोळा, जो दीडशे रुपयांत मिळतो आणि बाल्कनीत कुंडीशेजारी टांगलेला छान दिसतो.

रंगीत पेटीच्या वेष्टनावर छापलेल्या छायाचित्रापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण ते आपल्या चिमणीचे नाही. छायाचित्रातील पक्ष्याचे संपूर्ण डोके तांबूस तपकिरी आहे आणि पांढऱ्या गालावर ठसठशीत काळा ठिपका आहे. ही युरेशियाई वृक्षचिमणी होय. चीनपासून आग्नेय आशियापर्यंतच्या शहरांत तीच घराघरांत दिसते, आणि चीनमध्ये १९५८ साली सुरू झालेल्या चिमण्या मारण्याच्या कुप्रसिद्ध मोहिमेचा रोखही प्रामुख्याने तिच्यावरच होता. भारतात ती हिमालयात आणि ईशान्येकडे आढळते. महाराष्ट्राच्या परसदारात तिची अपेक्षा करू नये. चिमणी वाचवण्याचे आवाहन करणाऱ्या वस्तूवर भलतीच चिमणी असावी, हे मला क्षुल्लक वाटत नाही, कारण ज्याने पक्षी नीट पाहिलेला नाही त्याने त्या पक्ष्याच्या दाराचे माप काळजीपूर्वक घेतले असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

आपली घरचिमणी, म्हणजे पॅसर डोमेस्टिकस, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची असते. चिमण्याचा माथा राखाडी असतो, डोळ्यामागून मानेपर्यंत तांबूस तपकिरी पट्टा उतरतो, गाल पांढरे असतात आणि चोचीखाली गळ्यावर काळा डाग छातीपर्यंत पसरलेला असतो. भारतातील उपजातीचे गाल युरोपातील चिमण्यांच्या गालांपेक्षा अधिक स्वच्छ पांढरे दिसतात, त्यामुळे परदेशी पुस्तकांतील चित्रांशी ताडून पाहणाऱ्याचा कधी कधी गोंधळ होतो. चिमणीला यातले काहीच नसते; ती मातकट तपकिरी, पाठीवर गडद रेघा असलेली आणि डोळ्यामागे फिकट भुवई ओढलेली असते. नुकती उडू लागलेली पिल्ले आईसारखीच दिसतात, परंतु त्यांच्या चोचीच्या कडांना काही दिवस पिवळसर छटा राहते आणि ती पंख थरथरवत मोठ्यांकडे खाणे मागत असतात, त्यावरून ती चटकन ओळखू येतात.

येथवर कोणतेही माहितीपत्रक सांगेल. घरटे लावणाऱ्याला याच्या पुढचे पाहता यावे लागते, ते म्हणजे चिमण्याच्या गळ्यावरून आणि चोचीवरून वर्षातील कोणता काळ चालू आहे हे ओळखणे. पिसे झडून नवी आली की त्यांची टोके फिकट असतात आणि काळा डाग त्यांच्याआड बराचसा झाकलेला राहतो. पुढे ती टोके झिजत जातात आणि विणीच्या सुमारास आतला काळा रंग उघडा पडतो. त्यासाठी पुन्हा पिसे गळावी लागत नाहीत. याच काळात एरवी फिकट तपकिरी असणारी चोचही काळी होते. मोठा डाग असलेला नर थव्यात वरचढ असतो, असे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले जात होते, परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात तो संबंध समजला जात होता तितका भक्कम नसल्याचे दिसून आले. त्यामुळे डागाच्या आकारावरून कोणाची पाटीलकी ठरवू नये. मात्र काळीभोर चोच आणि भरलेला काळा गळा घेऊन एखादा चिमणा पेटीच्या तोंडाशी बसून एकसुरी चिवचिव करत असेल, तर त्याने ती जागा आपली मानली आहे आणि तो जोडीदारणीला बोलावत आहे असे खुशाल समजावे. जागा प्रथम नर धरतो, पसंती मादी देते.

आता प्लायवूडच्या पेटीकडे वळतो, कारण तिन्ही नमुन्यांत विचारपूर्वक घडवलेली वस्तू तीच आहे. तिच्या दाराचा व्यास ३२ मिलिमीटर आहे. ब्रिटनमधील पक्षीसंस्था घरचिमणीसाठी हेच माप सुचवतात, आणि त्याला कारण आहे. तेथेच साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यासाठी ४५ मिलिमीटरचे दार सुचवले जाते. म्हणजे दार जरा मोठे झाले की पेटी चिमणीची राहत नाही. आपल्याकडे साळुंकी आणि दयाळ हे दोघेही पोकळ्यांत घरटी करणारे आणि चिमणीपेक्षा दांडगे पक्षी आहेत. मोठ्या दाराच्या पेटीत दयाळ राहायला आला तर वाईट काही नाही, उलट त्याचे गाणे ऐकायला मिळते, पण ती पेटी चिमणीसाठी म्हणून विकली जाऊ नये. दुकानात मोजपट्टी जवळ नसेल तर दहा रुपयांचे नाणे वापरावे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. ते दारातून सहज आत जाऊन भोवती बोटभर नव्हे तर जेमतेम फट उरली, तर माप योग्य आहे.

या पेटीचे दार तळापासून बरेच वर आहे, हा तिचा दुसरा गुण. दार आणि तळ यांत निदान १२ ते १३ सेंटिमीटर अंतर असावे लागते, नाहीतर गवत, पिसे, चिंध्या, कागद यांचा थर साचला की अंडी दाराच्या पातळीला येतात आणि मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच तेथवर पोहोचते. आतली फळी दाराखाली खरबरीत ठेवली आहे, त्यामुळे पिल्लांना वर चढताना नख रोवता येते. छताखाली हवा जाण्यासाठी दोन बारीक छिद्रे आणि तळाला पाणी निथळण्यासाठी आणखी काही छिद्रे आहेत. आत रंग किंवा वार्निश नाही. दाराखाली बसायला दांडी नाही, आणि ती नसणे हा दोष नसून कारागिराच्या समजुतीची खूण आहे. खडबडीत भिंतीला धरून लटकणाऱ्या पक्ष्याला दांडीची गरज नसते, दांडीचा उपयोग होतो तो दारात बसून आत डोकावणाऱ्या शत्रूला.

रंगीत पेटीत नेमके याच्या उलट आहे. दांडी आहे, दार साळुंकीला जाता येईल इतके मोठे आहे, आणि ते तळापासून चार बोटांवर आहे. समोरच्या भिंतीत रंगवलेल्या खिडकीच्या जागी ॲक्रिलिकची पट्टी बसवली आहे, जेणेकरून मुलांना आत पाहता यावे. पक्ष्याला पोकळी हवी असते ती अंधारासाठी. उजेडाची खिडकी ठेवल्यावर पोकळीचा अर्थच उरत नाही. एमडीएफ हे भुसा आणि गोंद दाबून केलेले साहित्य असल्याने पहिल्याच पावसात कडा फुगल्या आणि छप्पर उचलले गेले. या पेटीकडे चिमण्यांनी पाहिलेही नाही असे म्हणता येणार नाही: दांडीवर बसून त्यांनी पिसे साफ केली. दिवाणखान्यातील शोभेची वस्तू म्हणून ती घेण्यास माझी हरकत नाही. तिच्यावर शेणाच्या घरातला कावळा आणि मेणाच्या घरातली चिऊताई रंगवलेली आहे, आणि चित्र सुरेख आहे.

काथ्याच्या गोळ्याबद्दल मत देताना थोडे सावध राहावे लागते. तो हलका, नैसर्गिक आणि स्वस्त आहे, हवा खेळती राहते, आणि आडोशाला पक्का बांधला तर त्यात घरटे होणे अशक्य नाही. मात्र वाऱ्यावर झुलणारी जागा घरचिमणीला आवडत नाही. तिला भिंतीत, वळचणीत, तुळईच्या सांध्यात असलेली अचल फट हवी असते. झुलते घरटे हा सुगरणीचा मार्ग, आणि सुगरण स्वतःचे घरटे स्वतः विणते. दुसरी अडचण शिवणीची आहे. अनेक गोळे नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेले असतात, आणि असा दोरा सुटा झाला तर पिल्लाच्या पायाला गुंडाळला जाण्याचा धोका असतो. आमच्याकडील गोळ्याचा खरा उपयोग वेगळाच झाला: चिमण्यांनी त्याचे तंतू उपसून प्लायवूडच्या पेटीत नेले. घरबांधणीचा कच्चा माल म्हणून पाहिले तर दीडशे रुपये जरा महाग पडतात.

पेटी घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही, ती म्हणजे झाकण न उघडता आत काय चालले आहे हे बाहेरून वाचता येते. सुरुवातीला गवताच्या काड्या आणण्यात नराचा वाटा अधिक असतो. पुढे मऊ पिसे येऊ लागली की जोडी स्थिरावली असे समजावे. नंतर ये-जा एकदम कमी होते. अंडी सहसा तीन ते पाच असतात आणि ती उबवण्यास ११ ते १४ दिवस लागतात. त्यानंतर एके दिवशी चोचीत हिरवी अळी किंवा नाकतोडा दिसतो, तेव्हा पिल्ले बाहेर आली आहेत. धान्य खाणारा हा पक्षी पिल्लांना सुरुवातीला कीटकच भरवतो, आणि ज्या परसात कीटकनाशकाची फवारणी नियमित होते तेथे उत्तम पेटीही कुचकामी ठरते. चोचीतून पांढरी गाठोडी बाहेर नेली जाऊ लागली, तर ती पिल्लांची विष्ठा होय; पालक घर झाडत आहेत. पिल्ले दोन आठवड्यांच्या आसपास उडून जातात. इतकी माहिती बाहेरून मिळत असताना ॲक्रिलिकची खिडकी कशासाठी हवी, हा प्रश्न मला पुन्हा पडतो.

पेटीच्या आसपास वावरणारा प्रत्येक तपकिरी पक्षी चिमणी नसतो, हेही विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. विणीचा काळ सोडून सुगरणीचे नर-मादी दोघेही चिमणीसारखे दिसतात, पण त्यांची चोच अधिक जाड आणि शेपटी आखूड असते, आणि ते पेटीत कधीही येणार नाहीत. मुनिया चिमणीपेक्षा लहान असतात. गावाबाहेर, जुनी झाडे असलेल्या माळालगत राहणाऱ्यांना मात्र रानचिमणी दिसण्याची शक्यता आहे. तिच्या नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका, खांद्यावर तांबूस डाग आणि पंखांवर पांढऱ्या रेघा असतात. गळ्यावर काळा डाग आणि पाठीवर रेघा नसतात. ती झाडांच्या ढोलीत घरटे करते. मुंबईत १९०८ साली एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने टिपलेला असाच पिवळ्या गळ्याचा पक्षी ओळखून घेण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेला, तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी तो ओळखला आणि पेट्यांत जतन केलेले पक्षी त्या मुलाला दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढे भारताचे अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ झालेले सालिम अली. साधी चिमणी समजून सोडून दिलेल्या पक्ष्याकडे दुसऱ्यांदा पाहण्यासाठी याहून चांगले कारण माझ्याजवळ नाही.

पेटी कोठे लावावी, याबाबत सोबत मिळालेल्या चिठ्ठीत केवळ 'उंच जागी लावा' असे लिहिले आहे, आणि येथे प्लायवूडच्या पेटीचे गुण मला कापावे लागतात. निदान अडीच ते तीन मीटर उंची, वर छज्जाचा आडोसा आणि तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, एवढे तरी सांगायला हवे होते. पश्चिमेच्या भिंतीवर वैशाखातल्या दुपारी पातळ प्लायवूड तापते आणि पिल्लांना बाहेर पडण्याची सोय नसते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर नैऋत्येकडे तोंड केले तर पावसाचा मारा थेट दारातून आत येतो. फळीची जाडी निदान १५ मिलिमीटर असावी. या पेटीची त्याहून कमी आहे, आणि हीच तिची खरी उणीव. चिमण्या एकमेकींच्या शेजाराने घरटी करतात, त्यामुळे एकुलती एक पेटी लावून वाट पाहण्यापेक्षा थोड्या अंतराने दोन-तीन लावणे शहाणपणाचे. विक्रेते हे सांगत नाहीत, याचे नवल वाटते. त्यात त्यांचाच फायदा आहे.

झाकण स्क्रूने बसवलेले असल्याने पेटी साफ करता येते. वीण संपून जागा काही काळ रिकामी राहिली की जुना गाळ काढून टाकावा, कारण त्यात पिसवा आणि गोचिडांसारखे परजीवी साचतात. भारतात चिमण्यांची वीण वर्षभर केव्हाही चालू असू शकते, तेव्हा तारखेवरून नव्हे, तर पेटीच्या तोंडाशी होणाऱ्या ये-जा वरून निर्णय घ्यावा. सिगारेटच्या थोटकांतील कापूस घरट्यात सापडला तर दचकू नये. मेक्सिको शहरातील घरचिमण्यांच्या घरट्यांवर झालेल्या अभ्यासात असा कापूस जितका जास्त, तितके परजीवी कमी आढळले होते.

पेटीसोबत सवलतीत मिळणारे प्लास्टिकचे दाणापात्र घेऊ नये. त्यात पाणी साचून बाजरी कुजते. पसरट मातीच्या परळात कण्या किंवा बाजरी, दुसऱ्या परळात पाणी, आणि परसात हातभर जागेत कोरडी, भुसभुशीत माती मोकळी सोडली तर चिमण्या खातात, पितात आणि धूळस्नानही करतात. यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही.

राहता राहिला प्रश्न मुळात पेटी घ्यावी की नाही हा. चिमण्या देशातून नाहीशा होत चालल्या आहेत, अशी भीती घालून या वस्तू विकल्या जातात, आणि त्यात मोबाइलच्या मनोऱ्यांचा उल्लेख हटकून असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालानुसार गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांत देशभरातील चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे. घट दिसते ती मुंबईसह सहा महानगरांत. म्हणजे जेथे कौलारू घरे, दुकानांच्या शटरच्या पेट्या, एसटी स्थानकांची छपरे आणि वीजमीटरच्या मागच्या फटी शिल्लक आहेत तेथे चिमणीला आपल्या पेटीवाचून अडत नाही. नव्या, सपाट भिंतींच्या आणि काचांच्या इमारतीत राहणाऱ्याने मात्र पेटी जरूर लावावी, अट एवढीच की आसपास चिमण्या आधीपासून दिसत असाव्यात. चिमणी आपली वस्ती सोडून फार दूर जात नाही. जेथे ती नाहीच तेथे रिकामी पेटी तिला बोलावून आणणार नाही.

खरेदीचा निर्णय त्यानुसार सोपा आहे. प्लायवूडची पेटी साडेतीनशे रुपयांना घेण्यासारखी आहे, पण घेताना फळीची जाडी पाहावी आणि जाड फळीसाठी शंभर रुपये अधिक मागितले तर द्यावेत. सुतार ओळखीचा असेल तर जुन्या सागवानी फळ्यांची पेटी त्याच्याकडून करून घेणे सर्वांत चांगले: तळ आतून साधारण १५ सेंटिमीटर लांब-रुंद, उंची २० ते २५ सेंटिमीटर, दार ३२ मिलिमीटर, झाकण उघडणारे, दांडी नाही. काथ्याचा गोळा शिवण तपासूनच घ्यावा. रंगीत पेटी भेट म्हणून मिळालीच तर दांडी कापून, खिडकी आतून पुठ्ठ्याने नव्हे तर लाकडी पट्टीने बंद करून आणि दारावर योग्य मापाचे छिद्र पाडलेली फळी ठोकून ती छज्जाखाली कोरड्या जागी लावता येईल, परंतु एवढा खटाटोप करण्यापेक्षा ती कपाटावर ठेवलेली बरी.